मोहरी-मुळ्यावरची काळी अळी: आधी पाय मोजा

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोहरी, मुळा, नवलकोल, कोबीची रोपं तीन-चार पानांवर आली की पानांना भोकं दिसू लागतात. आपण लगेच ‘अळी पडली’ म्हणतो आणि दुकानातून बीटीची, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूच्या औषधाची, पुडी आणतो. ही अळी जर काळ्या माशीची, म्हणजे सॉफ्लायची असेल, तर ते पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. बाजारात मिळणारी नेहमीची बीटी पतंगवर्गीय अळ्यांसाठी असते, आणि ही माशी पतंग नाही. गांधीलमाशी, मुंगी, मधमाशी यांच्या कुळातली ती. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्याने तर हिचं काहीच होत नाही.

ओळखायची कशी? अळी तळहातावर घ्या. रंग हिरवट काळा, पाठीवर गडद पट्टे, डोकं काळं. पुढचे तीन जोड खरे पाय सोडून पोटाखालचे मऊ पाय मोजा. पतंगाच्या अळीला ते जास्तीत जास्त पाच जोड असतात, हिला आठ. डोळ्यांना नीट दिसत नसेल तर मोबाइलमध्ये फोटो काढून मोठा करा, भिंग शोधत बसू नका.

पायांआधी सवयच चुगली करते. पानाला हात लागला की अळी अंगाची गुंडाळी करून टपकन मातीत पडते आणि मेल्याचं सोंग घेऊन पडून राहते. खाते सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी शेतात फेरी मारणारा म्हणतो, ‘भोकं आहेत, अळी कुठाय?’ ती खाली ढेकळाच्या आडोशाला असते.

नाव काळी माशी असलं तरी ती नारिंगी-पिवळ्या अंगाची, पंख धुरकट. मादीच्या पोटाच्या टोकाला करवतीसारखा अवयव असतो. त्याने ती पानाची कड चिरून एकेक अंडं आत ठेवते. ‘सॉ’ (इंग्रजीत करवत) हे नाव त्यावरूनच पडलं. तिला नांगी नसते, पकडायला घाबरू नका.

मोठ्या झाडाला हिचा फारसा उपद्रव नाही. रोप कोवळं असताना मात्र नुसत्या शिरा उरतात, कधी दुबार पेरणीची वेळ येते. म्हणून पहिले तीन-चार आठवडे सकाळची फेरी चुकवू नका. वाफा लहान असेल तर सुपात किंवा घमेल्यात रोपं हलकेच झटका आणि पडलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाका. लवकर पाणी दिलं तर खाली पडलेल्या अळ्या बुडून मरतात, हे फार सोपं आणि फुकटचं काम. गरज वाटली तर ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूलाही पोचेल असा फवारा.

मुळ्याचा पाला आपल्या घरी भाजीत जातो, बाजारातही जुड्या पाल्यासकट विकल्या जातात. तिथे रासायनिक औषधाचा हात आखडताच ठेवा. मोहरीवर वेळ आलीच तर त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलंच औषध घ्या, तेही फुलोऱ्याआधी. फुलात मधमाश्या असतात.

अळी पूर्ण वाढली की जमिनीत उतरून रेशमी कोषात जाते. पीक निघाल्यावर उन्हाळ्यात खोल नांगरट केली की हे कोष वर येतात. काही उन्हाने जातात, काही नांगरामागे फिरणारे बगळे-साळुंक्या टिपतात.