गावातील जुन्या देवळाचा इतिहास आणि आख्यायिका कशा नोंदवाव्यात

विदर्भातील बहुतेक गावांत जुन्या दगडी देवळाविषयी विचारले, की ते हेमाडपंताने एका रात्रीत बांधले, असे उत्तर मिळते. ही आख्यायिका सांगितली तशीच उतरवून घ्यावी. मात्र इतिहासाच्या पानावर तिला जागा देऊ नये. इतिहास आणि आख्यायिका यांच्यासाठी आरंभापासून दोन वेगळ्या वह्या ठेवल्यास पुढील घोटाळा टळतो.

इतिहासाची वही देवळापासूनच सुरू करावी. गर्भगृह, अंतराळ (गर्भगृह व सभामंडप यांमधील जागा) व सभामंडप यांची मापे, द्वारशाखेवरील म्हणजे दाराच्या चौकटीवरील शिल्पे, तसेच आवारातील वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड) आणि सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीचा स्मृतिदगड) यांची नोंद करावी. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून केलेल्या बांधकामाला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. परंतु तेवढ्यावरून काळ ठरत नाही. हेमाद्री म्हणजेच हेमाडपंत हा यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा मंत्री होता, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आणि अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी येथील कालिकादेवी मंदिराचा शिलालेख शके 1098 चा आहे. शकात 78 मिळवले, की इसवी सन 1176 येते, आणि हे देऊळ त्या मंत्र्याच्या कारकिर्दीच्या कितीतरी आधीचे ठरते.

शिलालेख सापडल्यास त्यावर तेल, हळद किंवा खडू चोळू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे उठून दिसतात. तेव्हा छायाचित्रे घेऊन ती जाणकाराला दाखवावीत. (उत्साही मंडळींनी शिल्पांवर चढवलेला ऑइलपेंट हा या कामातील सर्वांत मोठा अडथळा आहे.) त्यानंतर जिल्ह्याचे जुने गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ) चाळावे. गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंड्यासारख्या मोठ्या स्थळाचे वर्णन इंग्रजी अमदानीतील पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या अहवालातही मिळते.

आख्यायिकांसाठी गुरव आणि पुजारी यांच्याबरोबरच गावातील वृद्ध स्त्रियांकडेही जावे, कारण महादेवाच्या गाण्यांत पुरुषांना ठाऊक नसलेले तपशील अनेकदा टिकून असतात. कापसाच्या वेचणीत कोणाला सवड नसते. त्यामुळे उन्हाळ्यातील दुपार निवडावी. “आजी, तुमच्या सासूबाई ही गोष्ट कशी सांगायच्या?” असा प्रश्न केल्यास कथा मागच्या पिढीपर्यंत जाते. सांगणाऱ्या व्यक्तीचे वय, माहेरचे गाव आणि नोंदीची तारीख लिहावी. नाव मात्र संमतीनेच घालावे.

एकाच कथेची दोन रूपे मिळाली, तर त्यांची सांगड घालून तिसरे रूप तयार करू नये. लोणारला विष्णूने लवणासुराचा वध केला, असे सांगतात आणि तेथील देव दैत्यसूदन या नावाने पुजला जातो. सरोवराचे विवर उल्कापाताने झाले, हे सिद्ध झाल्यामुळे ती कथा वहीतून खोडण्याचे कारण नाही. फक्त ती कोणत्या वहीत आहे, हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळले पाहिजे. दोन्ही वह्यांची एकेक प्रत ग्रामपंचायतीत आणि दुसरी शाळेत ठेवावी.