जुन्या आयकॉनचं सस्पेन्शन आणि ब्रेक: आधी रबर, मग लोखंड

फोर्ड आयकॉन भारतात १९९९ मध्ये आली ती ‘जोश मशीन’ म्हणून. त्यातली १.६ पेट्रोल, म्हणजे १५९७ सीसीची गाडी, आजही नीट ठेवली तर चालवायला फार गोड आहे. स्टेअरिंगला जीव आहे, वळणात गाडी अंगासरशी वळते. पण वीस-वीस वर्षांच्या गाड्या आता आतून सैल झाल्यात, आणि मालक काय करतो? अलॉय व्हील घालतो, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा शोधतो. माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या गाडीत किलोमीटर कमी असले तरी रबर आणि ब्रेक ऑइल वयानं मरतं. पहिला पैसा तिथे घाला.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन शॉपमध्ये आहे, त्यामुळे मोजून बघितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. पुढे जे लिहितोय ते त्याच सवयीनं केलेलं काम आहे. घरी कंपाउंडमध्ये होण्यासारखं आहे. बुश दाबणं आणि अलाइनमेंट तेवढं बाहेर करा.

आधी ऐका

टिळकवाडीच्या रेल्वे गेटवरून गाडी चालण्याच्या वेगानं न्या. काचा खाली, गाणी बंद. रुळावर चाक चढताना सुटसुटीत ‘टक्’ आला तर बॉल जॉइंट (चाकाचा खालचा गोळ्याचा सांधा) किंवा टाय रॉडचं, म्हणजे स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं, टोक बघा. जाड, दबका ‘धप्’ आला तर स्ट्रटचं, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगच्या एकत्र जोडणीचं, वरचं माउंटिंग. पुढे जाताना ब्रेक मारला, मग रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला आणि दोन्ही वेळा एकेकदा खाडकन वाजलं, तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, गेलेत. गाडी उभी करून कुणाला तरी स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि तुम्ही पुढच्या स्प्रिंगवर हलकाच हात ठेवा. स्प्रिंग झटके देत फिरत असेल तर वरचं बेअरिंग जाम आहे. बोट वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका.

बॉनेट दाबून सोडायची परीक्षा सगळे मेस्त्री करतात. त्यात पूर्ण मेलेलं शॉकअप कळतं, अर्धं मेलेलं कळत नाही. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. रबर ठिकठिकाणी खाल्ल्यासारखं, उंचसखल लागलं तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ असेल तर विचारायचंच नाही, बदला. आणि एका बाजूचं कधीच नाही. पुढची दोन किंवा मागची दोन, जोडीनं.

काय काय आणायचं

स्ट्रट उघडायचाच आहे तर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर आपटतं तो रबरी ठोकळा) आणि धुळीचं रबरी बूट हे सगळं एकदमच आणा. शॉकअप नवं आणि माउंटिंग जुनं ठेवलं तर आवाज तसाच राहतो आणि माणूस शॉकअपला शिव्या देतो. खाली लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं. स्प्रिंगा बहुतेक वेळा परत वापरता येतात. फक्त शेवटचं वेटोळं तुटलेलं नाही ना ते घासून साफ करून बघा, गंजानं ते तिथेच तुटतं. भंगारातून स्प्रिंग घेत असाल तर डिझेल आयकॉनची घेऊ नका. त्या इंजिनाचं वजन जास्त, पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांबद्दल मला कळकळीनं सांगायचंय: जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर पावसाळा संपल्यावर जे खड्डे असतात, तिथे ही गाडी फोर्डनं दिलेल्या उंचीलाच बरी. खाली बसवलेली गाडी सारखी बंप स्टॉपवर आपटते आणि नवं शॉकअप वर्षात खलास होतं.

खोलताना

चाकाचे नट सैल करा, जॅक लावा, आणि लगेच जॅक स्टँड. आपल्याकडे आधाराला चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, ठेवायची सवय आहे. चिरा घराच्या भिंतीला उत्तम, गाडीखाली कधीही नाही. तो एका कोपऱ्यावर भार आला की भुगा होतो. त्याच्यावर टेकलेल्या गाडीखाली मी कुणालाही शिरू देत नाही.

आयकॉनमध्ये स्ट्रटचा खालचा दांडा नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या ओतीव लोखंडी भागात) घुसवलेला असतो आणि एक बोल्ट तो आवळून धरतो. खानापूर भागातली लाल माती तिथे साचते, ओली राहते आणि सगळं एकजीव गंजतं. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट निघाल्यावर नकलची फट पाचरीनं किंचित रुंदवा, म्हणजे नकल हातानं हलवत स्ट्रटवरून खाली सुटते. नकलवर घण घालू नका. नकल सुटली की ती ब्रेकच्या होज पाइपवर लोंबू देऊ नका, तारेनं बांधा. बाहेरही फार ओढू नका, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट आतून निखळतो.

आता स्प्रिंग. दोन्ही बाजूंना समोरासमोर स्प्रिंग दाबून धरणारे कॉम्प्रेसर लावा, आळीपाळीनं थोडे थोडे आवळा, स्प्रिंग तिच्या बैठकीवर हातानं हलायला लागली की मगच वरचा मधला नट सोडा. आधी नाही. दाबलेल्या स्प्रिंगेत माणसाचा जबडा फोडायची ताकद असते. कॉम्प्रेसर नसेल किंवा त्याचे आटे झिजलेले असतील तर स्ट्रट तसाच काढून वर्कशॉपला न्या.

बुश दाबायला हातोडी नको. बेळगाव फाउंड्री आणि मशीन शॉपचं गाव आहे, उद्यमबागेत हायड्रॉलिक प्रेस गल्लोगल्ली सापडेल. जुना बुश काढायच्या आधी तो कुठल्या दिशेला बसलाय याची आर्मवर खूण करा, कारण काही बुशांत रबराच्या फटी ठरावीक बाजूलाच असाव्या लागतात. नवा बुश बसवताना दाब बाहेरच्या नळीवर द्यायचा, मधल्या नळीवर नाही. त्यासाठी मापाचा पाइपचा तुकडा लेथवर काढून घ्या.

आणि आता या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी वर टांगलेली असताना शेवटचे आवळू नका. बुशच्या रबराला आतून-बाहेरून लोखंडी नळ्या चिकटवलेल्या असतात. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जाम होते आणि त्यानंतर आर्म वरखाली होतो तो रबर पिळूनच. आर्म खाली लोंबत असताना आवळलात तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलं जातं आणि रात्रंदिवस, उभ्या गाडीतही, तसंच पिळलेलं राहतं. काही महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसते टेकवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून थोडी दाबून बसवा आणि मग खाली हात घालून टॉर्क रेंचनं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. हात पोचत नसेल तर लोअर आर्मखाली दुसरा जॅक लावून गाडीचा भार त्यावर घ्या. स्टँड तसेच राहू देत. ‘नवे बुशच खराब निघाले’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कारण हेच असतं.

ब्रेक

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या भागात जून ते सप्टेंबर हवा म्हणजे अर्धं पाणीच. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे ती मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. चोर्ला घाट उतरून साखळीकडे जाताना पाय सारखा ब्रेकवर असेल तर कॅलिपर तापतो, ऑइलला बुडबुडे येतात, आणि वाफ दाबली जाते, पण पॅड हलत नाहीत. पेडल जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, ऑइल बदला. घाट मात्र सेकंड-थर्डमध्येच उतरायचा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

जुने रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून सुजतात. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. चाक तापत असेल आणि कॅलिपरचा पिस्टन मोकळा असेल तर होजच बदला.

डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मायक्रोमीटरनं गोलात सात-आठ ठिकाणी मोजा. पेडल थरथरत असेल तर हबचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा) गंज तारेच्या ब्रशनं साफ करून डिस्क परत बसवा, नटांनी नीट आवळा आणि डिस्क किती डगमगते ते मोजायला डायल गेज लावून ती फिरवा. काटा ०.१ मिलिमीटरहून जास्त हलला तर डिस्क किंवा हब दोषी. पुष्कळदा दोष मधल्या गंजाचाच निघतो आणि चांगली डिस्क उगाच लेथवर चढते.

कॅलिपरच्या सरकत्या पिना पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं. मागे ड्रममध्ये व्हील सिलिंडरचं रबरी टोपण हलकं उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर बदला, आणि तेल लागलेले लायनरही. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनरनं ओली करून पुसा.

ब्रेकच्या पाइपातली एअर, म्हणजे हवा, चाकाजवळच्या ब्लीडर नटातून काढायला दोघं लागतात. माझ्याकडे पेडलवर भाचा असतो आणि बोलणं एवढंच: “दाब... धरून ठेव...” “सोडू मामा?” “थांब, नट आवळू दे... हां, सोड.” नट बंद व्हायच्या आधी पाय उचलला तर हवा परत आत. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका, आणि ऑइल रंगावर सांडलं तर ताबडतोब पाणी ओता.

रस्त्यावर काढायच्या आधी

नवे पॅड घातल्यावर पेडल कडक होईपर्यंत जागेवरच पंप करा. गाडी गेटबाहेर नेऊन मग आठवलं तर उशीर झालेला असतो. मग पॅड डिस्कला नीट बसावेत म्हणून सुट्टीच्या सकाळी रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ देत. पूर्ण थांबायचं नाही आणि तापल्या डिस्कवर पेडल धरून उभं राहायचं नाही.

त्यानंतर अलाइनमेंट. शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट, नकलचा बोल्ट आणि लोअर आर्मचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचनं तपासा, आणि चारी चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून कुठे ऑइलची ओल आहे का ते बघा.