अर्थमंत्र्यांचे भाषण संपल्यावर केंद्रीय अर्थसंकल्प कसा वाचावा

दरवर्षी १ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता केंद्रीय अर्थमंत्री लोकसभेत बोलायला उभे राहतात आणि दुपारपर्यंत ‘काय स्वस्त, काय महाग’ या चौकटीत बसेल एवढाच अर्थसंकल्प घरोघरी पोहोचतो. अर्थमंत्री वर्षभर जे काम करतात त्याचा खरा हिशेब मात्र भाषणापेक्षा भाषणासोबत सभागृहाच्या पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांत जास्त असतो. ही कागदपत्रे त्याच दिवशी सरकारच्या संकेतस्थळावर हिंदी आणि इंग्रजीत मोफत मिळतात, आणि ती वाचायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बेरीज-वजाबाकी आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते. पुढील उदाहरणे निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातील आहेत. पद्धत मात्र कोणत्याही वर्षाला लागू पडते.

पहिली पायरी : सारांशाचे पान आधी उघडावे

भाषण बाजूला ठेवून सुरुवात ‘अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात’ या पुस्तिकेपासून करावी. तिच्या पहिल्या तक्त्यातून चार आकडे कागदावर उतरवून घ्यावेत : एकूण खर्च, कर्ज सोडून होणारी एकूण जमा, या दोहोंतील फरक म्हणजे राजकोषीय तूट, आणि व्याजापोटी द्यायची रक्कम. २०२५-२६ साठी एकूण खर्चाचा अंदाज ५०.६५ लाख कोटी रुपये होता, कर्जाव्यतिरिक्त जमा ३४.९६ लाख कोटी होती आणि उरलेले १५.६९ लाख कोटी, म्हणजे देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ४.४ टक्के, कर्ज काढून उभे करायचे होते. व्याजाचा आकडा १२.७६ लाख कोटी. याचा अर्थ असा की कर्जाशिवाय जमा होणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतील छत्तीसहून अधिक रुपये जुन्या कर्जाच्या व्याजाला जातात, आणि नवी योजना आखायची की कर कमी करायचा हा विचार अर्थमंत्र्यांना उरलेल्या रकमेत करावा लागतो. कोणत्याही घोषणेचे मोल ठरवताना हे प्रमाण मनात ठेवावे.

इथे एका सापळ्याकडे लक्ष द्यावे. वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या ‘रुपया येतो कसा, जातो कसा’ या वर्तुळात व्याजाचा वाटा २० पैसेच दिसतो, तर वरच्या तक्त्यातील एकूण खर्चाशी ताडून पाहिल्यास तो पंचवीस टक्क्यांच्या घरात जातो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. वर्तुळात केंद्राने गोळा करून राज्यांना द्यायचा करांचा वाटा (२२ पैसे) धरलेला असतो आणि तक्त्यातील खर्चात तो नसतो, कारण ती रक्कम जमेच्या बाजूलाच वजा केलेली असते. छेद मोठा झाला की व्याज लहान दिसते, एवढेच.

दुसरी पायरी : चारही स्तंभ शेजारी शेजारी वाचावेत

अर्थसंकल्पाच्या बहुतेक तक्त्यांत चार स्तंभ असतात : दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचाच सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. बातम्या चौथ्या स्तंभाच्या होतात. अर्थमंत्र्यांची कसोटी मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभातील अंतरावर लागते, आणि माझ्या मते संपूर्ण अर्थसंकल्पातून एकच गोष्ट पाहायची झाली तर हीच पाहावी.

घरोघरी नळाने पाणी पोहोचवणाऱ्या जलजीवन मिशनचे उदाहरण घेऊ. २०२४-२५ साठी या योजनेला सुमारे ७० हजार कोटी रुपये ठेवले होते. सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले. आणि २०२५-२६ साठी पुन्हा ६७ हजार कोटी दाखवले गेले. भाषणात योजनेला २०२८ पर्यंत मुदतवाढ आणि वाढीव तरतूद जाहीर झाली, आणि ती खोटी नव्हती. परंतु आधीच्या वर्षी ठेवलेल्या पैशाचा तिसरा हिस्साही खर्च होणार नाही, हे तिसऱ्या स्तंभाशिवाय कळले नसते. भांडवली खर्चाचे, म्हणजे रस्ते, रेल्वे अशा टिकाऊ मालमत्तेवरील खर्चाचेही तसेच : २०२४-२५ साठी ११.११ लाख कोटींचा अंदाज, सुधारित १०.१८ लाख कोटी. अशी घट दिसली की लगेच निष्कर्ष काढू नये. राज्यांनी आपला हिस्सा भरला नसेल, कामांना उशीर झाला असेल किंवा तूट आटोक्यात ठेवण्यासाठी खात्याने हात आखडता घेतला असेल. कारण आकड्यात लिहिलेले नसते, पण नेमका प्रश्न विचारता येतो. आपल्या जिव्हाळ्याच्या दोन-तीन योजना निवडून त्यांच्यापुरते चार स्तंभ वहीत उतरवावेत. सगळे वाचायला गेल्यास काहीच हाती लागत नाही.

तिसरी पायरी : कराच्या घोषणा वित्त विधेयकाशी ताडून पाहाव्यात

भाषणाचे दोन भाग असतात. ‘अ’ भागात धोरणे आणि योजना येतात, ‘ब’ भागात करांचे प्रस्ताव. संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही, म्हणून ‘ब’ भागातील प्रस्ताव वित्त विधेयकातून संसदेसमोर येतात. भाषणातील वाक्य आणि विधेयकासोबतच्या स्पष्टीकरणातील वाक्य यांत पुष्कळदा अटींचे अंतर असते. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ ही २०२५ ची घोषणा ऐकून अनेकांना वाटले की करपात्र उत्पन्नाची मर्यादाच बारा लाख झाली. प्रत्यक्षात नव्या करप्रणालीत चार लाखांच्या पुढे कर लागतोच, तो सवलतीच्या रूपाने माफ होतो, आणि भांडवली नफ्यासारख्या (शेअर किंवा मालमत्ता विकून झालेल्या नफ्यासारख्या) विशेष दराच्या उत्पन्नाला ही सवलत मिळत नाही.

करवाढीचा प्रस्ताव असेल तर तो मूळ करात आहे की उपकर-अधिभारात, म्हणजे ठरावीक कामासाठीच्या किंवा करावर लावलेल्या जादा करात, हेही पाहावे. मूळ कराचा ४१ टक्के वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी राज्यांना ठरवून दिला होता, आणि त्या वाट्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, तर गोव्याचा ०.३८६ टक्के होता. उपकर आणि अधिभार मात्र या वाटणीत येत नाहीत, ते केंद्राकडेच राहतात. करदात्याच्या खिशाला दोन्ही सारखेच जाणवतात, राज्याच्या तिजोरीला नाही.

चौथी पायरी : निर्णय कोणाच्या हातचा आहे ते ठरवावे

अर्थमंत्र्यांवर जेवढी टीका होते, त्यातील बरीच चुकीच्या पत्त्यावर जाते. गृहकर्जाचा हप्ता ज्या रेपो दरावर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते त्यावर) हलतो तो दर रिझर्व्ह बँकेची सहा सदस्यांची पतधोरण समिती ठरवते. सरकार रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून महागाईचे उद्दिष्ट, म्हणजे चार टक्के आणि वर-खाली दोन टक्के, तेवढे ठरवते. वस्तू व सेवा कराचे (जीएसटीचे) दर केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतात. केंद्रीय अर्थमंत्री या परिषदेचे अध्यक्ष असले तरी केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश असते, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. त्यामुळे राज्यांवाचून केंद्राचे आणि केंद्रावाचून राज्यांचे काहीच चालत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे बहुतेक दर ५ आणि १८ टक्के अशा दोन टप्प्यांत आणले गेले, तो निर्णय अर्थसंकल्पातला नव्हता, तर परिषदेतला होता. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहेत, तेव्हा त्यांच्या दरात केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर असे दोघांचेही हात असतात. मुद्रांक शुल्काची तक्रार तर राज्याच्या अर्थसंकल्पाच्या वेळी करावी.

अर्थमंत्र्यांच्या हाती काय उरते? इतर खात्यांच्या मागण्यांना कात्री लावणे, किती कर्ज काढायचे ते ठरवणे, करांचे प्रस्ताव आखणे आणि हे सारे मंत्रिमंडळाच्या वतीने संसदेत मांडणे. ‘मंत्रिमंडळाच्या वतीने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण जबाबदारी सामूहिक असते आणि न पटणाऱ्या मंत्र्याला राजीनाम्याची वाट असते. नियोजन आयोगाच्या वाढत्या अधिकारांवरून तेव्हाचे अर्थमंत्री जॉन मथाई १९५० मध्ये बाहेर पडले. त्यांच्या जागी आले ते महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिलेला माणूस. आणि १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही या प्रश्नावर त्यांनीही पद सोडले. अर्थखात्याशी त्या वादाचा थेट संबंध नव्हता, तरीही सोडले.

पाचवी पायरी : अर्थसंकल्प संसदेतून कसा जातो ते पाहावे

संविधानात ‘अर्थसंकल्प’ हा शब्द नाही. अनुच्छेद ११२ मध्ये त्याला वार्षिक वित्तीय विवरणपत्र म्हटले आहे. ते मांडल्यावर खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या स्थायी समित्यांकडे जातात, आणि या समित्यांचे अहवाल, विशेषतः एखाद्या खात्याला मागितले त्यापेक्षा किती कमी मिळाले हे सांगणारी पाने, सामान्य वाचकाने आवर्जून चाळावीत. लोकसभेत मोजक्याच खात्यांवर चर्चा होते आणि उरलेल्या मागण्या ठरलेल्या दिवशी चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. व्याजासारख्या भारित खर्चावर, म्हणजे संविधानानेच सरकारी तिजोरीवर बंधनकारक केलेल्या खर्चावर, तर मतदानच होत नाही. मग तिजोरीतून पैसे काढण्याची परवानगी देणारे विनियोजन विधेयक आणि करांचे वित्त विधेयक येते. अशा धन विधेयकावर, म्हणजे केवळ कर आणि सरकारी पैशाशी संबंधित विधेयकावर, राज्यसभा चौदा दिवसांत शिफारशी करू शकते, त्या मानणे लोकसभेवर बंधनकारक नसते. निवडणुकीच्या वर्षी, जसे फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले, काही महिन्यांपुरते लेखानुदान, म्हणजे खर्चाची तात्पुरती परवानगी, मंजूर होते; अशा वेळी पूर्ण वाचन जुलैपर्यंत लांबणीवर टाकावे.

सहावी पायरी : वर्षभर माग ठेवावा

केंद्राचे हिशेब ठेवणारे महालेखानियंत्रक दर महिन्याच्या अखेरीस आदल्या महिन्यापर्यंतचा जमाखर्च प्रसिद्ध करतात. त्यातील तूट वर्षाच्या अंदाजाच्या किती टक्के झाली, एवढा एक आकडा वहीत लिहीत जावा. अधिवेशनांत पुरवणी मागण्या, म्हणजे जादा खर्चाच्या मंजुरीच्या मागण्या, आल्या की मूळ अंदाज कुठे चुकला ते समजते. नंतर सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि त्यांवर विचार करणारी संसदेची लोकलेखा समिती येते, जिचे अध्यक्षपद प्रथेने विरोधी पक्षाकडे असते. आणि पहिल्या दिवशी उतरवून घेतलेली चार स्तंभांची पाने जपून ठेवावीत, कारण २०२५-२६ चा प्रत्यक्ष खर्च फेब्रुवारी २०२७ च्या कागदपत्रांतच पहिल्या स्तंभात येईल.