गेटिसबर्गचं व्याख्यान डोक्यावरून जाऊ नये म्हणून

पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला उन्हाळ्यात राष्ट्रीय उद्यानाची रेंजर मंडळी रणभूमीवरच अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या तिथल्या तीन दिवसांच्या लढाईवर बोलतात. ही व्याख्यानं फुकट असतात. संग्रहालय आणि सायक्लोरामा (लढाईचं गोलाकार चित्र) पाहायला मात्र तिकीट पडतं. वॉशिंग्टनहून गाडीने साधारण दोन तासांत पोचता येतं.

जायच्या आधी नकाशावर दिशा तेवढ्या पक्क्या करा. इथे भल्याभल्यांचा गोंधळ उडतो, कारण 1 जुलै 1863 ला दक्षिणेचं, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचं, सैन्य गावावर चालून आलं ते पश्चिमेकडून आणि उत्तरेकडून! उत्तरेची, म्हणजे संघराज्याची, फौज मागे हटत गावाच्या दक्षिणेच्या टेकड्यांवर गेली आणि तिथे माशाच्या गळासारखी वाकडी फळी धरून उभी राहिली. कल्प्स हिल गळाच्या टोकाला, लिटल राउंड टॉप दांड्याच्या शेवटाला. एवढं मनात बसलं की पुढचे दोन दिवस आपोआप उलगडतात.

सायक्लोरामा आधी बघा. 1884 चं हे 377 फूट लांबीचं गोलाकार चित्र तिसऱ्या दिवशीचा दक्षिणेच्या जनरल पिकेटचा हल्ला दाखवतं. मग तेच मैदान चालून पाहा. जवळजवळ मैलभर उघडं रान, आडोसा नावालाही नाही, आणि समोरून तोफा. साडेबारा हजार माणसं कशाच्या भरवशावर निघाली असतील कोण जाणे!

रेंजरला प्रश्न विचारायचाच तर उत्तरेच्या जनरल सिकल्सचा विचारा: 2 जुलैला हुकूम नसताना त्याने आपली कोअर (सैन्याची मोठी तुकडी) फळी सोडून पीच ऑर्चर्ड या बागेपर्यंत पुढे नेली, ते बरोबर की चूक? यावर जाणकार अजून भांडतात. टोपी आणि पाणी विसरू नका, सावली फार कमी आहे.