“ताई, देव दाखवा” म्हणणाऱ्या लेकरांशी कसं बोलावं

मी जालन्यात संडे स्कूल घेते. अकरावीतलं लेकरू “ताई, देव दाखवा, मग मानतो” म्हणालं की चिडू नका. आधी त्याला नेमकं काय अडतंय ते काढून घ्या. देव आहे का, येशू खरंच मेलेल्यांतून उठला का, की घरातलं दुःख? दुःख असेल तर तर्क बाजूला ठेवा आणि नुसतं ऐका.

“दाखवा” म्हणणाऱ्याला प्रमाणं, म्हणजे खरं काय ते कळण्याचे मार्ग, विचारा. चार्वाक, म्हणजे जुने भारतीय नास्तिक विचारवंत, फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना कळतं तेच मानतात. न्यायदर्शन, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानातली तर्काची शाखा, अनुमान (खुणेवरून काढलेला निष्कर्ष), उपमान (साम्यावरून ओळख) आणि शब्दही मानतं. शब्द म्हणजे विश्वासू माणसाची साक्ष. आपली जन्मतारीख आपण तशीच तर मानतो! मग प्रश्न उरतो, साक्षीदार कसा?

इथं घाई करू नका. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15 वा अध्याय उघडा. पत्र साधारण इ.स. 55 चं, म्हणजे क्रुसानंतर पंचवीसेक वर्षांचं. ते लिहिणारा प्रेषित पौल केफा (म्हणजे पेत्र), याकोब अशी साक्षीदारांची नावं घेतो, उठलेल्या येशूला पाचशेहून अधिक जणांनी पाहिलं, त्यातले बहुतेक हयात आहेत म्हणतो. वर सांगतो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. एवढी जोखीम घेणारा माणूस मला आवडतो. पण प्रामाणिक साक्षीदारही चुकतो, हे तुम्हीच बोला. नाहीतर लेकरं मोबाईलवर वाचतीलच.

फ्रेंच विचारवंत पास्कलची पैज मात्र टाळा. देव असला तर सगळा फायदा, नसला तर फारसं नुकसान नाही, हा हिशोब मोंढ्यातल्या सौद्यासारखा वाटतो. शिवाय “कोणत्या देवावर लावायची?” असं पोरं लगेच विचारतात, आणि बरोबरच विचारतात.