हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा वर जातो? आधी अर्थिंग बघा

जुनी पेट्रोल गाडी. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये काटा वर, हायवेला लागलं की खाली, आणि हेडलाइट लावले की टुणकन पुन्हा वर. कूलंट बदललं, थर्मोस्टॅट (कूलंट गरम झालं की ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) नवा टाकला. पैसे गेले, काटा तसाच.

शेवटी इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग इंजिन-बॉडीमधली अर्थिंगची पट्टी (करंट बॅटरीकडे परत नेणारी) सोडवली; हिरवा गंज चढला होता, म्हणून हेडलाइटचा लोड आला की काटा चुकीचं दाखवायचा. दोन्ही टोकं आणि बॉडीवरची जागा पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळले, वरून पेट्रोलियम जेली. हेडलाइटचं नाटक बंद.

ट्रॅफिकमधली चढउतार राहिली, ती राहणारच. थर्मोस्टॅट साधारण ८२-८८ अंशांना उघडतो, पंखा बहुतेक गाड्यांत ९५ च्या आसपास किंवा पुढे लागतो. पंखा फिरत असूनही काटा चढतच राहिला, तर मात्र गाडी बाजूला घ्या.