मेनफ्रेमवर सी प्रोग्रामला पार्म कसा द्यायचा, आणि स्लॅश का विसरायचा नाही

लिनक्सवर सी शिकलेल्यांना आर्ग-सी (आर्ग्युमेंट्सची संख्या) आणि आर्ग-व्ही (प्रत्यक्ष आर्ग्युमेंट्स) पाठ असतात, कमांडपुढे शब्द टाईप केले की ते मेनमध्ये हजर. झेड ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बॅचमध्ये कमांड लाईनच नसते, असतं ते जेसीएल (जॉब चालवायच्या सूचनांची भाषा), त्यात प्रोग्रामला द्यायचा मजकूर पार्म म्हणून लिहितात, आणि जेसीएलपासून मेनपर्यंतच्या वाटेत लँग्वेज एन्व्हायर्नमेंट म्हणजे एलई (प्रोग्राम चालताना लागणारं रनटाईम) बसलेलं असतं. बहुतेक घोळ तिथेच होतात.

म्हणून आधी एक छोटा प्रोग्राम लिहा, जो फक्त आर्ग-सी छापेल आणि मग प्रत्येक आर्ग-व्ही चौकटी कंसात वेगळ्या ओळीवर. खऱ्या प्रोग्रामला हात नंतर लावा.

आता जेसीएलमध्ये प्रोग्राम चालवणाऱ्या एक्झेक स्टेटमेंटवर पीजीएम (प्रोग्रामचं नाव) नंतर पार्म='/जून फुल' असं द्या. आर्ग-सी ३ येईल, शून्य नंबरला प्रोग्रामचं नाव, मग जून, मग फुल. आतून काय होतं तेही बघून ठेवा: सिस्टीम रजिस्टर १ मध्ये एक पत्ता देते, त्या पत्त्यावर अजून एक पत्ता असतो, आणि तिथे आधी दोन बाईटमध्ये लांबी आणि लगेच मजकूर, शेवटी नल (स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शून्य बाईट) वगैरे काही नाही. तो मजकूर स्पेसवर तोडून, प्रत्येक तुकड्याला नल लावून आर्ग-व्ही तयार करायचं काम सी रनटाईम करतं. तोडायला नकोच असेल तर सोर्स कोडमधल्या प्रॅग्मा रनऑप्ट्समध्ये (रनटाईम ऑप्शन ठरवणारी ओळ) नोआर्गपार्स द्या, मग अख्खी स्ट्रिंग एकाच आर्ग्युमेंटमध्ये येते.

आता स्लॅश. पहिल्या स्लॅशच्या आधीचं सगळं एलईचं, नंतरचं तुमचं. पार्म='आरपीटीऑप्ट्स(ऑन)/जून फुल' दिलंत तर एलई ऑप्शन्सचा रिपोर्ट छापतं आणि तुमच्या प्रोग्रामला फक्त दोन शब्द दिसतात. (कोबोलमध्ये डिफॉल्टला हा क्रम उलटा असतो, त्यामुळे कोबोलच्या जॉबमधून पार्म कॉपी करू नका.) खरी अडचण येते युनिक्स फाईलचा पाथ देताना. पार्म='/यू/डेटा/जून' लिहिलं की पहिला स्लॅश एलई खातं, मेनला 'यू/डेटा/जून' मिळतं आणि फाईल काही सापडत नाही. आणि 'इन=/यू/डेटा' लिहिलं तर 'इन=' हाच रनटाईम ऑप्शन समजून एलई तक्रार करतं. उपाय सोपा आहे, पार्मची सुरुवात कायम एका जादा स्लॅशने करा, ऑप्शन द्यायचा असो वा नसो. एलईने अजिबात हात लावू नये असं वाटत असेल तर त्याच प्रॅग्मात द्यायला नोएक्झेकऑप्स आहेच.

केसकडेही लक्ष द्या. बॅचमध्ये सगळं कॅपिटलमध्ये दिलेला पार्म मेनला लोअरकेसमध्ये मिळतो, मिक्स्ड असेल तर जसाच्या तसा, त्यामुळे तुलना करताना केस न बघणारं फंक्शनच वापरा. टीएसओवरून (मेनफ्रेमवर थेट कमांड टाईप करायची सोय) कॉल करत असाल तर कमांडला अ‍ॅझइझ लावा, नाहीतर कॉल कमांडच मजकूर कॅपिटल करून टाकते. शिवाय पार्ममध्ये '>डीडी:आउट' असं काही असेल तर ते मेनला दिसतच नाही, स्टँडर्ड आउटपुट त्या डीडीकडे (जेसीएलमध्ये नाव देऊन जोडलेल्या फाईलकडे) वळतं, आणि हे फार उपयोगाचं आहे.

पार्मला १०० कॅरेक्टरची मर्यादा आहे, जास्त झालं तर जेसीएल एररच येते, जॉब चालतही नाही. कोट्समधला मजकूर एका ओळीत मावत नसेल तर ७१व्या कॉलमपर्यंत लिहायचं आणि पुढच्या ओळीत १६व्या कॉलमपासून चालू करायचं, मधे एक स्पेस जरी सरकली तरी ती आर्ग्युमेंटमध्ये जाते. त्यापेक्षा झेड ओएस २.१ पासून आलेलं पार्मडीडी बरं, मजकूर डेटासेटमध्ये (मेनफ्रेमवरची फाईल) ठेवायचा, ३२७६० बाईटपर्यंत चालतो. पार्म आणि पार्मडीडी एकाच स्टेपवर एकत्र चालत नाहीत. आणि प्रोग्राम एपीएफ ऑथोराइज्ड (सिस्टीमचे खास अधिकार असलेला) असेल तर १०० च्या वरच्या मजकुरासाठी बाईंड (लिंक) करताना लाँगपार्म द्यावंच लागतं.

झेड ओएसच्या युनिक्स शेलमध्ये मात्र हे काहीच नाही, तिथे लिनक्ससारखंच, स्लॅशला खास अर्थ नाही आणि पाथ जसा लिहाल तसा पोचतो. तिथे रनटाईम ऑप्शन द्यायचे तर अंडरस्कोर-सीईई-अंडरस्कोर-रनऑप्ट्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा. तोच प्रोग्राम जेसीएलमधून चालवायचा असेल तर बीपीएक्सबॅच (बॅचमधून युनिक्स प्रोग्राम चालवणारी युटिलिटी) वापरा आणि पार्मच्या सुरुवातीला शेलसाठी एसएच किंवा थेट प्रोग्रामसाठी पीजीएम लिहून पुढे पूर्ण पाथ द्या.